दोन टोपांचं बोलोनीज

मालवाहू जहाजाच्या मेसमध्ये आठवड्याचा मेन्यू लावलेला असतो. रविवारी बिर्याणी किंवा स्टेक, शुक्रवारी मासळी, आणि या दोन मोठ्या दिवसांच्या मध्ये कुठेतरी एका दुपारी 'स्पॅगेटी बोलोनीज'. कुकला जरा उसंत मिळावी म्हणूनच जणू हा पदार्थ ठेवलेला असतो. खिमा, कांदा, टोमॅटो, उकडलेली स्पॅगेटी, वर किसलेलं चीज. यात करायचं काय असतं, असं कुठलाही नवखा कॅडेट सांगेल. दापोली तालुक्यातल्या एका चीफ कुकचा अनुभव मात्र उलटा आहे. बिर्याणीला जहाजावर कुणी फारशी नावं ठेवत नाही. ठेवलीच तर मीठ कमी, मिरची जास्त, एवढ्यावर भागतं. नावं ठेवली जातात ती या सोप्या पदार्थाला, आणि तीही प्रत्येकाची वेगळी.

हा कुक बरीच वर्षं बल्क कॅरियरवर, म्हणजे कोळसा, धान्य, माती, खत असला सुटा माल वाहणाऱ्या जहाजांवर काम करतो. बावीस-तेवीस माणसं, एक कुक, हाताखाली एक सेकंड कुक आणि मेसमन. मुंबईतल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये कांदे कापण्यापासून त्याची सुरुवात झाली. मग सीडीसी म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, मग आग विझवायचे आणि जीव वाचवायचे सक्तीचे कोर्स, आणि मग जहाजाच्या कुकची परीक्षा. जुन्या भारतीय कंपन्यांच्या जहाजांवर खलाशांचं जेवण करणाऱ्याला भंडारी म्हणत, आणि भंडारी झाला म्हणजे घरात वडिलांकडून नाहीतर मामाकडून शिकलेला, असं गृहीत असे. आता तसं चालत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००६ चा सागरी श्रम करार २०१३ च्या ऑगस्टमध्ये अमलात आला, भारताने त्याला २०१५ मध्ये मान्यता दिली. त्याप्रमाणे दहा किंवा त्याहून जास्त माणसांच्या जहाजावर शिकलेला कुक लागतोच. तो अठरा वर्षांखालचा असून चालत नाही, आणि जेवणाचा पैसा खलाशाकडून घेता येत नाही.

याच करारात एक वाक्य असं आहे की, जहाजावरचं अन्न ठरवताना माणसांच्या धार्मिक गरजा आणि त्यांच्या खाण्यापिण्याच्या रीती लक्षात घ्याव्यात. जिनिव्हाला बसून लिहिलेलं हे वाक्य गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, पोचतं तेव्हा त्याचे दोन टोप होतात. एका टोपात बीफचा खिमा, दुसऱ्यात चिकनचा, कधी न्यूझीलंडहून आलेल्या गोठवलेल्या लँबचा. दोन डाव, दोन झारे, दोन झाकणं. डाव इकडचा तिकडे झाला की संपलं. इटलीतल्या बोलोन्याच्या मूळ पाककृतीत डुकराचं मांस असतं. ते या कुकने दोन्ही टोपांतून कायमचं काढून टाकलंय. तरीसुद्धा रत्नागिरीचा ऑइलर, म्हणजे इंजिनातला खलाशी, ताट घेण्याआधी खिडकीत वाकून विचारतोच, "भाई, ह्यात डुकराचं काय नाय ना?" दर वेळी विचारतो. उत्तर त्याला ठाऊक असतं, पण विचारण्याचा त्याचा हक्क आहे असं कुक मानतो, आणि दर वेळी तितक्याच सरळपणे सांगतो, "नाय रे बाबा, खा."

जहाजांच्या धंद्यातल्या मोठ्या संघटनांनी २०२१ मध्ये जगभरातल्या दर्यावर्दींचा अंदाज काढला, तो होता १८ लाख ९० हजारांच्या घरात. सगळ्यात जास्त माणसं पुरवणाऱ्या पाच देशांत फिलिपिन्स, रशिया, इंडोनेशिया, चीन आणि भारत. म्हणजे एका टेबलावर निदान दोन-तीन देशांच्या जिभा बसणार हे ठरलेलंच. या कुकच्या वाट्याला बहुतेक वेळा डेकवर भारतीय आणि फिलिपिनो, आणि इंजिनात युक्रेनी अधिकारी असा मेळ आला. आणि गंमत अशी की नूडल, मांस आणि टोमॅटो (किंवा टोमॅटोशिवाय) हे त्रिकूट या सगळ्यांच्या घरी आधीपासून आहे.

फिलिपिनो खलाशाला स्पॅगेटी गोड लागते. चुकून साखर पडल्यासारखी नव्हे, ठरवून गोड. त्यात लालभडक हॉटडॉगच्या चकत्या असतात, वर पिवळं चीज असतं, आणि सॉसमध्ये केळ्याचं केचप असतं. केळ्याचं केचप ऐकून मराठी माणूस हसतो, पण त्याच्यामागे एक मोठी बाई उभी आहे. मारिया ओरोसा या फिलिपिनो अन्नतंत्रज्ञ. त्यांच्या देशात टोमॅटो महाग आणि परका, केळी मात्र मुबलक, म्हणून त्यांनी केळ्यांपासून केचप करायची रीत बसवली. १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत तोफगोळ्यांच्या माऱ्यात त्या गेल्या. आज वाढदिवसाला घरोघर जी गोड स्पॅगेटी होते, तिचा रंग आणि चव त्यांच्या त्या केचपवर उभी आहे. वाढदिवसाच्या नूडल तोडायच्या नाहीत, हा चिनी लोकांकडून आलेला रिवाजही तिथे पाळतात. लांब नूडल म्हणजे लांब आयुष्य. एका मेसमनने स्पॅगेटी टोपात मावत नाही म्हणून गुडघ्यावर धरून काडकन मोडली. त्या दिवशी फिलिपिनो सेकंड कुकचा वाढदिवस होता. तो काही बोलला नाही, फक्त मोडलेली स्पॅगेटी बाजूला काढून नवं पाकीट फोडलं.

इंजिनातल्या युक्रेनी साहेबांचं मागणं याच्या दुसऱ्या टोकाला. सोव्हिएत काळापासून चालत आलेला 'आरमारी मॅकरोनी' नावाचा पदार्थ त्यांच्यातल्या प्रत्येकाने शाळेत, घरी, नाहीतर बराकीत खाल्लेला असतो. उकडलेली मॅकरोनी, कांद्याबरोबर परतलेलं बारीक मांस, मीठ, मिरपूड. एवढंच. काहीजण टोमॅटो घालतात, पण जुन्या वळणाचे लोक नाक मुरडतात. त्यांना टोमॅटोत बुडालेला खिमा म्हणजे चांगलं मांस वाया घालवणं वाटतं. आणि आपली मंडळी? आपल्याला तो खिमा दिसतो. इटालियन नाव काहीही असो, टोपाचं झाकण उघडल्यावर रत्नागिरी, कोचीन, पाटणा सगळीकडच्या माणसाचं नाक आलं-लसूण आणि हिरवी मिरची शोधतं. सापडली नाही की चेहरा पडतो.

या सगळ्यांना एकच टोप पुढे करून 'हे बोलोनीज आहे, असंच असतं' असं म्हणणारे कुक असतात. दापोलीकरानेही सुरुवातीची काही वर्षं तसंच केलं. हॉटेलात शिकलेली रेसिपी होती, ती घोटली होती. मग एकदा जहाज राव्हेन्नाला लागलं.

राव्हेन्ना हे इटलीचं एड्रियाटिक किनाऱ्यावरचं बंदर. रशिया-युक्रेन युद्धाच्या आधी काळ्या समुद्रातून युक्रेनची पांढरी माती भरून जहाजं इथे येत. ती माती पुढे सास्सुओलोच्या टाइल कारखान्यांत जाई. आपल्याकडे 'इटालियन टाइल्स' म्हणून जी मिरवते तिच्यातल्या बऱ्याच मालाची माती मुळात इटलीची नव्हती. माती उतरायला दिवस लागतात. कुकला सुट्टी मिळणं अवघड, कारण बाकी सगळे बंदरावर उतरले तरी परत येऊन जेवतातच. पण त्या दिवशी बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, म्हणाला, "जा तू, आम्ही दुपारी कोल्ड कट्स आणि सॅलड खाऊ." राव्हेन्नाहून बोलोन्याला लोकल गाडीने सव्वा-दीड तास. तो एकटाच गेला.

बोलोन्याच्या मोठ्या चौकामागे अरुंद गल्ल्यांचा जुना बाजार आहे, क्वाद्रिलातेरो नावाचा. हॅम टांगलेली दुकानं, चीजची चाकं, मासळीचे गाळे. काही दुकानांच्या काचेमागे बायका लाकडी फळ्यावर अंडी घातलेली पिवळी पोळी लांबलचक लाटण्याने लाटत असतात, अशी की आरपार उजेड दिसावा. मग तिची गुंडाळी करून सुरीने सपासप पट्ट्या. त्या पट्ट्या म्हणजे ताल्यातेल्ले, आणि बोलोन्याचा खिमा त्यांच्यावरच घालतात, स्पॅगेटीवर नाही. स्पॅगेटी हा दक्षिणेचा, वाळवलेल्या, फक्त डुरम गव्हाच्या पिठाचा माल. बोलोन्याचे तेव्हाचे महापौर व्हिर्जिनियो मेरोला यांनी तर २०१९ मध्ये ट्विट करून जगभरातल्या 'स्पॅगेटी बोलोनीज'चे फोटो मागवले आणि असा पदार्थ बोलोन्यात अस्तित्वातच नाही असं बजावलं. (फिलिपिनो खलाशी आपल्या कुकला लाडाने 'मेयर' म्हणतात. या दोन मेयरांचं एकमेकांशी जमलं असतं असं वाटत नाही.)

ताल्यातेल्लेची रुंदीसुद्धा त्या गावाने कागदावर नोंदवून ठेवलीय. १९७२ मध्ये बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्सकडे सोन्याची एक पट्टी नमुना म्हणून जमा झाली. शिजलेली पट्टी ८ मिलिमीटर रुंद हवी, म्हणजे गावातल्या असिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग. गुणाकार करून पाहिला तर ९८ मीटर १६ सेंटीमीटर येतात. मनोरा मात्र ९७ मीटरांच्या जेमतेम वर आहे. एक मीटरभर मनोरा कुठे गेला हे विचारायचं नाही. गावाच्या अभिमानाला एवढी सूट असावी.

कुकच्या पुढ्यात आलेली ताटली बघून तो आधी जरा चक्रावला. तिच्यात लाल काही नव्हतं. तपकिरी, बारीक, जवळजवळ कोरडा खिमा पिवळ्या पट्ट्यांना चिकटलेला. ताटलीच्या तळाला सॉसचं तळं नाही. टोमॅटो होता, पण तो शोधावा लागला. "हा तर सुका खिमा," असं तो मनात म्हणाला, आणि त्याला तिथल्या तिथे कळलं की जहाजावर आपण इतकी वर्षं जे करतोय ते रस्सा आहे. डब्यातला टोमॅटो ओतायचा, पाणी ओतायचं, माणसं जास्त आली तर अजून पाणी ओतायचं.

त्याला जे दिसलं त्याला इतिहासाचा आधार आहे. पेल्लेग्रीनो आर्तुझी यांच्या १८९१ च्या प्रसिद्ध पाकपुस्तकात 'बोलोन्या पद्धतीची मॅकरोनी' आहे, तिच्यात वासराचं मांस, खारवलेलं डुकराचं मांस, लोणी, कांदा, गाजर, सेलरी आहे, टोमॅटो नाही. टोमॅटो तोवर दक्षिणेत कधीच रुळला होता. नेपल्सच्या कवाल्कांती या पाकपुस्तकाच्या लेखकाने १८३९ मध्येच शेवयांवर टोमॅटो घातल्याचं लिहून ठेवलंय. मग इटालियन पाककला अकादमीने १७ ऑक्टोबर १९८२ ला बोलोन्याचा अधिकृत खिमा चेंबर ऑफ कॉमर्सकडे नोंदवला, तेव्हा त्यात ३०० ग्रॅम बीफला टोमॅटोचा सॉस पाच चमचे, नाहीतर घट्ट पेस्ट २० ग्रॅम, इतकाच. २०२३ मध्ये तीच नोंद सुधारली, तर ४०० ग्रॅम बीफला २०० ग्रॅम गाळलेला टोमॅटो आणि वर चमचाभर पेस्ट. म्हणजे सव्वाशेहून थोड्या जास्त वर्षांत आधी काहीच नाही, मग पाच चमचे, मग वाटीभर. अधिकृत म्हणवणाऱ्यांच्याही टोपात टोमॅटो वाढतच गेलाय. मग मेसमधल्या पोरांनी केचप मागितलं तर एवढं काय बिघडलं, असा प्रश्न तिथून परतताना गाडीत त्याच्या मनात आला असावा, कारण पुढच्या खेपेपासून त्याची पद्धत बदलली.

बदल रेसिपीत नाही, क्रमात आहे. तो समजायला गॅलीत उभं राहावं लागतं.

खिमा पाकिटातला घेत नाही. उणे १८ अंशांच्या मीटरूममधून मांसाचे अख्खे तुकडे आदल्या दिवशी काढून ४ अंशांच्या खोलीत ठेवायचे, सकाळी मिन्सरला जाडसर जाळी लावून काढायचे. बावीस माणसांना दोन्ही मिळून साडेतीन किलो पुरतो. हा साडेतीन किलो एकदम टोपात ओतला की घात झालाच. टोप थंड पडतो, मांसाला पाणी सुटतं, आणि खिमा भाजायच्या ऐवजी स्वतःच्याच पाण्यात उकडतो, राखाडी, रबरासारखा. पाणी असेपर्यंत टोपाचा तळ १०० अंशांच्या वर जात नाही, आणि मांस तांबूस होऊन त्याला वास सुटायला १४० च्या आसपास उष्णता लागते. म्हणून तो अर्धा-अर्धा किलो टाकतो. जहाजावर बहुतेक ठिकाणी उघडी ज्योत नसते, विजेच्या जाड लोखंडी प्लेटा असतात. त्या तापायला वेळ घेतात आणि थंड व्हायलाही. प्लेट पूर्ण तापली का हे तो हात वर धरून बघतो, आणि खिमा भाजला का हे कानाने. आधी बुडबुड ऐकू येते, मग पाणी आटलं की एकदम चरचर सुरू होते. ती सुरू झाल्यावरही हात लावायचा नाही, खाली चिकटू द्यायचं. तळाला जो तपकिरी थर धरतो तो पुढे कांदा सोडवून घेतो. मेसमनला सगळ्यात अवघड जातं ते हेच, काही न करता उभं राहणं. त्याच्या हातात उलथनं असलं की तो ढवळणारच. म्हणून या पाच मिनिटांत कुक त्याला गाजर किसायला बसवतो.

भाजलेला खिमा आणि कांदा एकत्र झाला की इथे पहिला वाटा बाहेर पडतो. मीठ, मिरपूड घालून एक पातेलं बाजूला. हे इंजिनाचं. मॅकरोनीत मिसळलं की आरमारी पदार्थ तयार, टोमॅटोचा स्पर्शसुद्धा नाही. चिकनच्या टोपातून, अजून कोरडा असतानाच, दुसरा वाटा निघतो. त्यात आलं-लसूण, हिरवी मिरची, वरून कोथिंबीर, ताजी नसेल तर गोठवलेली. उरलेल्यात टोमॅटो.

टोमॅटोचं जहाजावर एक वेगळंच गणित आहे. बंदरात चँडलर, म्हणजे जहाजाला माल पुरवणारा व्यापारी, क्रेट चढवतो, त्यातले निम्मे कडक, थोडे नरम, दोन-चार फुटलेले. सगळे ४ अंशांच्या भाजीच्या खोलीत गेले की कडक टोमॅटो पिकायचे थांबतात आणि पिकलेल्यांची चव मरते, कारण बारा-तेरा अंशांच्या खाली टोमॅटोचा वास तयार होणंच बंद पडतं. म्हणून पहिल्या आठवड्यात ताजे टोमॅटो सॅलडला, मग डबा. नारायणगाव-पिंपळगावच्या बाजारातले टोमॅटोचे ढीग पाहिलेल्या माणसाला डब्यावर भरवसा ठेवायला वेळ लागतो. पण महासागराच्या मध्यावर सोललेल्या टोमॅटोचा डबा हा कुठल्याही क्रेटपेक्षा इमानदार असतो. तो पिकल्यावरच बंद केलेला असतो. सेलरी दुसऱ्या आठवड्यात लोळते, तिच्या जागी कोबीचा देठ बारीक चिरून घालतो. चवीला तेच नाही, पण दाताखाली काहीतरी येतं.

पेस्टचा डबा थेट पाण्यात कालवायचा नाही. टोपात बाजूला जागा करून, थोडं तेल सोडून ती परतायची, लालची विटकरी होईपर्यंत. टोमॅटोचा लाल रंग तेलात विरघळणारा असतो, त्यामुळे परतली की तेलालाच रंग चढतो आणि डब्याचा कच्चा आंबटपणा जातो. हे त्याला कुठल्या इटालियन पुस्तकातून शिकावं लागलं नाही. मटणाचं वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, हे कोकणातल्या कुठल्याही घरात कुणीच वेगळं शिकवत नाही, ते बघत बघत येतं. टोप मात्र स्टीलचा. टोमॅटो आंबट असल्याने ॲल्युमिनियमला लागतो आणि सॉसला धातूची चव येते. पाणी अगदी थोडं, मग सकाळी साडेआठपासून अकरापर्यंत मंद आचेवर. शेवटी कपभर दूध, टेट्रापॅकचं. बोलोन्याच्या नोंदीत दूध आहे, आणि ज्यांनी खाल्लं त्यांना ते कळतही नाही. फक्त आंबट कमी लागतं एवढंच म्हणतात. परमेजान चीज कंपनीच्या जेवणखर्चाच्या दरात बसत नाही. महिन्याचा हिशोब माणशी रोजचा किती डॉलर यावर पाहिला जातो, त्यात एका चीजसाठी कोण पत्रव्यवहार करणार? चेडर किसायचं.

टोमॅटोच्या या मुख्य टोपातून शेवटचा वाटा फिलिपिनोंचा निघतो, पॅनमध्ये, केळ्याचं केचप आणि चिकन सॉसेजच्या चकत्या घालून. सेकंड कुक ते करतो, कारण गोड किती याची पारख दापोलीला नाही. चार माणसांनी केचप चाखून भांडण मिटवावं लागेल इतकं ते नाजूक असतं, असं सेकंड कुकचं म्हणणं.

उरली स्पॅगेटी. इटालियन हिशोब १०० ग्रॅमला एक लिटर पाणी, म्हणजे बावीस माणसांना बावीस लिटर उकळतं पाणी. शांत समुद्रात ठीक. जहाज डुलायला लागलं की कुठलाही टोप अर्ध्याच्या वर भरायचा नाही हा गॅलीतला पहिला नियम, आणि प्लेटांभोवती लोखंडी कठडे लावून टोप त्यात अडकवायचे हा दुसरा. फ्रायर तर बंदच. तेव्हा स्पॅगेटी तीन हप्त्यांत, कमी पाण्यात उकडायची. कमी पाण्यात पिठूळपणा जास्त उतरतो आणि तेच दाट पाणी डावभर सॉसमध्ये घातलं की खिमा नूडलला धरतो. यात एक अडचण फायद्याची ठरली. हप्त्यांचं आणखी एक कारण आहे. बारा ते चारच्या पाळीचे लोक साडेअकराला जेवून जातात, आठ ते बाराचे बारानंतर येतात, आणि इंजिनाचे दिवसपाळीवाले बाराच्या ठोक्याला. उकडलेली स्पॅगेटी अर्धा तास थांबली की तिचा गोळा होतो. फार डुलत असेल तर तो स्पॅगेटी रद्द करून पेन्ने उकडतो. एका हाताने टेबलाची कड धरून दुसऱ्या हाताने काट्यावर गुंडाळणं जमत नाही. पेन्ने टोचून खाता येते.

पाण्यालाही मीठ लागतं, आणि इथे दर जहाजावर कुणीतरी एक विनोद करतोच, की खाली एवढा समुद्र आहे, त्याचंच पाणी घाल ना. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ असतं, नूडलला दहाच्या आसपास पुरे. जहाजावरचं गोडं पाणी इंजिनाच्या उष्णतेवर, हवेचा दाब कमी करून समुद्राचंच पाणी वाफवून केलेलं असतं. ते इतकं कोरं असतं की नवीन आलेल्या माणसाला पहिले दोन दिवस चहासुद्धा बेचव लागतो.

एका बाबतीत हा कुक कुणाचं ऐकत नाही. रात्री बारा ते चारच्या पाळीवाल्यांसाठी काहीतरी ठेवायची जहाजावर रीत आहे, आणि दुपारची उरलेली स्पॅगेटी टेबलावर झाकून ठेवणं सगळ्यात सोपं. तो ते होऊ देत नाही. २००८ मध्ये बेल्जियममध्ये एका २० वर्षांच्या विद्यार्थ्याने पाच दिवस स्वयंपाकघरात बाहेरच राहिलेली टोमॅटो सॉसची स्पॅगेटी गरम करून खाल्ली आणि रात्रीत तो गेला. २०११ मध्ये डॉक्टरांनी ती केस एका वैद्यकीय नियतकालिकात मांडली. भात, नूडल यांसारख्या पिठूळ अन्नात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू विष तयार करतो आणि ते विष नंतर कितीही गरम केलं तरी नाहीसं होत नाही. पाच दिवस जहाजावर कुणी ठेवणार नाही, पण उष्ण कटिबंधात मेसचा एसी बिघडला की एक दुपारसुद्धा फार होते. जवळचं बंदर चार दिवसांवर, डॉक्टर नाही. औषधांचं कपाट सेकंड ऑफिसरच्या ताब्यात. म्हणून उरलेलं उथळ ट्रेमध्ये पसरून लगेच थंड करून फ्रीजमध्ये, नाहीतर फेकून. फेकताना फिलिपिनो सेकंड कुक अजून हळहळतो. अन्न टाकणं त्याच्याही घरात पाप आहे.

कॅप्टनच्या साप्ताहिक तपासणीत गॅली, मीटरूम, पाण्याची टाकी सगळं बघितलं जातं, नोंद होते. त्या नोंदीत बोलोनीज कसं झालं होतं याला रकाना नाही. पण करार संपला आणि बदली कुक चढला की सामानाबरोबर एक वही हाती द्यायची असते, त्या वहीत हा लिहितो. कोण बीफ खात नाही, कोणाला दुधाचा त्रास, टोमॅटोच्या आधी कोणाचा वाटा काढायचा, केळ्याच्या केचपच्या बाटल्या ड्राय स्टोअरमध्ये तांदळाच्या मागे. मागच्या खेपेला बदली आलेला मुलगा केरळचा होता. त्याने वही उभ्या उभ्या चाळली, दोन टोपांच्या पानावर थांबला आणि विचारलं, "दादा, चिकनच्या टोपात कढीपत्ता आणि खोबरेल घातलं तर?"

"घाल," दापोलीकर म्हणाला, बॅगेची चेन ओढत. "पण बोसनला आधी खायला दे, मग सांग काय घातलंय ते."